ॲनिमेशनला घालू का? आधी तिच्याकडून दहा सेकंद मागा

पत्र

नमस्कार ताई,

माझं उदगीरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मुलगी दहावीत आहे. अभ्यासात बरी, चित्रकलेत फार पुढे. इंटरमिजिएटला ए ग्रेड आहे. माझ्या जुन्या फोनवर बोटाने चित्रं काढते आणि ती हलती करते. आता म्हणते, ॲनिमेशन नाहीतर गेम डिझाइनच करायचं. घरात सगळ्यांचं म्हणणं, लातूरला अकरावी सायन्स घ्यावी, नीटची तयारी करावी. मेहुणे म्हणतात, गेमिंग म्हणजे जुगार, सरकारने बंद केलंय ते. तिने मोबाइलवर कुठेतरी नंबर टाकला, तेव्हापासून पुण्याच्या एका इन्स्टिट्यूटमधून रोज फोन येतो. दहावीनंतर लगेच तीन वर्षांचा डिप्लोमा, साडेसहा लाख फी, शंभर टक्के प्लेसमेंट. या महिन्यात पंचवीस हजार भरून सीट बुक केली तर सूट. या धंद्यात पोट भरतं का? मला यातलं ओ की ठो कळत नाही, मग मी तिला मदत कशी करू? लॅपटॉपही मागते आहे. घेऊ का?

— एक वडील, उदगीर

उत्तर

नमस्कार.

पंचवीस हजार भरू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण एवढं आजच ठरवून टाका. दहावीनंतर थेट अशा डिप्लोमाला गेली तर तिची बारावी सुटेल. अहमदाबादची एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था), आयआयटीतल्या डिझाइनच्या पदव्या, आपल्या राज्यातल्या कला महाविद्यालयांचं बीएफए म्हणजे कलेची पदवी, सगळीकडे बारावी लागते. शाखा मात्र बहुतेक ठिकाणी कुठलीही चालते. ही गोष्ट फोनवरच्या बाईंनी तुम्हाला सांगितली नाही, सूट तेवढी सांगितली. त्या स्वतःला काउन्सेलर म्हणवत असतील, पण अशा बहुतेक ठिकाणी महिन्याला किती सीट भरायच्या याचं टार्गेट असतं. रोज फोन येतो तो त्यापायी.

मेहुण्यांचं अर्धं खरं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणली. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायच्या गेमना, मान्यता आहे. पण पैसे लावणं वेगळं, गेम खेळणं वेगळं आणि गेम बनवणं वेगळं. तुमची मुलगी तिसऱ्याबद्दल बोलते आहे, आणि ती नोकरी आहे. कुणी कोड लिहितो, कुणी पात्राचा सांगाडा बांधतो, कुणी एकच पायरी दोनशे वेळा खेळून चूक कुठे आहे ते टिपतो. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा पुण्यातला स्टुडिओ २००८ पासून आहे. हे मेहुण्यांना सांगा. पटेलच असं नाही.

आता पोटाचं. मी बरीच वर्षं व्हीएफएक्समध्ये, म्हणजे सिनेमातल्या कॉम्प्युटरवरच्या करामतीत, कंपोझिटिंग (वेगवेगळी चित्रं एका शॉटमध्ये बेमालूम जोडणं) केलं, आता शिकवते, त्यामुळे ब्रोशरमध्ये नसतं तेवढं सांगते.

या लाइनीत नवा पोरगा बहुधा रोटोला बसतो. पडद्यावर नायक गर्दीत धावतोय आणि दिग्दर्शकाला मागची गर्दी बदलायची आहे. मग नायकाच्या कडेने बिंदू लावत लावत रेघ ओढायची, बोटांच्या फटी आणि केसांच्या बटा धरून. हे एका चित्रावर नाही. सेकंदाला चोवीस फ्रेम असतात, म्हणजे दहा सेकंदांच्या शॉटला २४० वेळा. संध्याकाळी सुपरवायझर म्हणतो, कानाजवळ कड थरथरतेय, परत कर. तुमच्याकडे नवा पोरगा शिकायला आला की तुम्ही त्याला आधी जळकी कॉइल काढायला बसवता, नवी कॉइल भरायला नाही, तसंच हे. जो ते नीट करतो तो पुढे सरकतो. सुरुवातीच्या पगारात मुंबई-पुण्याला खोलीभाडं आणि मेसचा डबा भागला की हाताशी फार उरत नाही. चांगल्या कंपोझिटरला, ॲनिमेटरला किंवा लाइटिंग करणाऱ्याला पुढे बरे पैसे मिळतात, पण तिथपर्यंत पोचायला काही वर्षं जातात आणि डेडलाइनच्या दिवसांत रात्री ऑफिसात जातात.

शिवाय आपल्याकडचं बरंच काम परदेशातून येतं. २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक मे महिन्यात संपावर गेले, जुलैत नटही गेले, नोव्हेंबरपर्यंत गाडा अडला. त्याची झळ आपल्याकडच्या स्टुडिओंनाही बसली. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा व्हीएफएक्सचा जुना, मोठा समूह कोसळला आणि बेंगळुरू-मुंबईतली हजारो माणसं एका फटक्यात घरी बसली. त्यांच्या हातात कसब नव्हतं असं नाही. आणि वर जे रोटोचं काम सांगितलं, त्यातला मोठा भाग आता एआय करू लागलंय. पहिल्या पायरीवरच्या जागा आकसताना मला दिसतात. म्हणून एखाद्या सॉफ्टवेअरची बटणं शिकवणाऱ्या कोर्सला लाखो रुपये मोजणं आज दहा वर्षांपूर्वीपेक्षाही जास्त धोक्याचं झालंय. बटणं बदलतात. वजन, वेळ आणि हालचाल ओळखणारी नजर मात्र ज्याच्याकडे आहे त्याला नवं बटण शिकायला पंधरा दिवस पुरतात.

तरी हे क्षेत्र सिनेमापुरतं नाही, हेही तेवढंच खरं. बँकेचं ॲप उघडल्यावर कुठलं बटण कुठे असावं हे ठरवणारा डिझायनर असतो. वृत्तवाहिनीवर निवडणुकीचे आकडे उसळत येतात ते मोशन ग्राफिक्सवाल्याचं काम. शाळेच्या ॲपमधली हलती चित्रं, औषध कंपनीला लागणारा शरीरातला थ्रीडी व्हिडिओ, बिल्डरचा न बांधलेला फ्लॅट, वेबसीरिजचा आवाज, हे सगळं कुणीतरी बसून करत असतं. सरकारी कचेऱ्यांतले मराठी कागद वर्षानुवर्षं ज्या मंगल फॉन्टमध्ये टाइप होतात, तो फॉन्टसुद्धा एका माणसाने काढला: र. कृ. जोशी. मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेले, पुढे आयआयटी मुंबईत शिकवणारे. अक्षरं काढणं हा पूर्णवेळ धंदा असू शकतो हे उदगीरच काय, पुण्यातल्या आईबापांनाही ठाऊक नसतं. त्यामुळे ती ‘ॲनिमेशन’ म्हणते तेव्हा तो शब्द तूर्त सैल धरा. पंधरा वर्षांच्या मुलीला जेवढं दिसलंय तेवढ्याचं नाव तिने घेतलंय.

मदत कशी करू, हा तुमच्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. त्यासाठी कॉम्प्युटरमधलं काही कळावं लागत नाही. बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की तिला दोन दिवस दुकानात बसवा. मोटार चालू होताना काय होतं ते बघायला सांगा. स्विच दाबला की ती आधी हुंकारते, एक झटका घेते, बॉडी जागेवरून किंचित सरकते, मग वेग पकडते आणि आवाज बदलतो. कपॅसिटर गेलेली असेल तर नुसती घूं घूं करत राहते, फिरत नाही. मोटार टेबलावर असताना तुम्ही दारातूनच आवाजावरून ओळखता की काय बिघडलंय. तिला म्हणा, यातली एक मोटार चालू होतानाचे दहा सेकंद मला काढून दाखव. तीन आठवडे घे. (मोटारीला हात लावू देऊ नका, हे तुम्हाला सांगायला नको.)

फोनवर फ्लिपाक्लिपसारखं ॲप असेलच तिच्याकडे, फुकट आवृत्ती पुरे. कोपऱ्यात त्यांचा शिक्का उमटला तर उमटू द्या. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये एक चित्र साधारण दोन फ्रेम टिकवतात, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. दहा सेकंदांना एकशे वीस. एकशे वीस वेळा तीच मोटार, दर वेळी केसभर वेगळी.

मग परीक्षक तुम्ही. चित्र सुंदर आहे का ते बघूच नका. मोटार जड वाटते का, ते बघा. झटका योग्य क्षणी बसतो का? फिरू लागल्यावर वेग एकदम येतो की चढत जातो? खोटं वाटलं तर कुठे खोटं वाटलं ते बोट ठेवून सांगा, आणि तेवढाच तुकडा पुन्हा करून मागा. ॲनिमेशन शिकवताना आम्ही पहिल्या महिन्यात पोरांकडून चेंडू टप्पे खाताना काढून घेतो, एकदा रबराचा, एकदा लोखंडाचा. वजन दाखवता येतं का, एवढंच त्यात तपासायचं असतं. मोटारीचं वजन तुमच्याइतकं आमच्यापैकी कुणाला कळत नाही, तेव्हा इथे तुम्ही अडाणी नाही.

या तीन आठवड्यांत तिच्याकडे लक्ष ठेवा, पण पाळत ठेवू नका. चाळिसाव्या चित्राला कंटाळा येईल, तो सगळ्यांना येतो. कंटाळा आल्यावर ती काय करते ते महत्त्वाचं. दुकानाची मागची भिंत, लटकणाऱ्या वायरी, वार्निशचे डाग रंगवण्यातच रमली आणि मोटार तशीच राहिली, तर तिचा कल पार्श्वचित्रांकडे, कन्सेप्ट आर्टकडे (जागा आणि पात्रं कशी दिसतील ते आधी रंगवून ठरवणं) असेल. झटक्याची तीन चित्रं पुसून पुसून पुन्हा काढत असेल, तर ती खरोखर ॲनिमेटरच्या जातीची. मोटारीपेक्षा मोटार आणणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट घुसडत असेल, तर स्टोरीबोर्ड (गोष्ट आधी चित्रांच्या चौकटींत मांडणं) आणि लेखन. आवाज रेकॉर्ड करायला फोन घेऊन तुमच्या मागे फिरत असेल, तर साउंड. आणि ‘एकशे वीस चित्रं कशाला, हे आपोआप व्हायला पाहिजे’ म्हणून कुठलं ॲप कसं चालतं याच्याच मागे लागली, तर गणित सोडू देऊ नका. गेमच्या कोडिंगकडे जाणारी वाट तिकडून आहे.

आणि तीस चित्रांवर टाकून दिलं तर? ओरडू नका. बघायला आवडणं आणि करायला आवडणं यात अंतर असतं, ते तीन आठवड्यांत आणि फुकटात कळलं. एकदा दुसरं काही द्या, तिच्याच आवडीचं. तेही अर्धवट राहिलं तर साडेसहा लाखांचा प्रश्नच मिटला.

दुसरी गोष्ट तुमच्याच गावात आहे. मे महिन्यात तिला ओळखीच्या एखाद्या फ्लेक्सवाल्याकडे किंवा लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याकडे रोज दोन तास बसवा. माझ्या कित्येक विद्यार्थ्यांना मी हे सांगते आणि त्यांना ते कमीपणाचं वाटतं. मला नाही वाटत. तालुक्याच्या गावातला क्रिएटिव्ह उद्योग तोच आहे. वाढदिवसाचा फ्लेक्स संध्याकाळपर्यंत चौकात लागलाच पाहिजे, पस्तीस कार्यकर्त्यांचे फोटो बसवायचे, भाऊंचा चेहरा सगळ्यात मोठा, आणि शेवटच्या घटकेला कुणाचं तरी नाव राहिलं म्हणून फोन येतो. गिऱ्हाइकाची भाषा, घाई, फुकटचे बदल आणि थकलेलं बिल, हे सगळं तिथे एका महिन्यात दिसतं. पुण्यातल्या एजन्सीत जाऊन हेच बघायचं असतं, फक्त एसीत. एक महिना ते बघूनही तिला डिझाइन करावंसं वाटलं तर ती गंमत म्हणून बोलत नाहीये.

अकरावीचं. नीटची तयारी ‘असू दे हाताशी’ म्हणून करायची गोष्ट नाही. लातूरला दोन वर्षं काढणाऱ्या मुलांचा दिवस तुम्ही जवळून बघितलाच असेल, त्यात एकशे वीस चित्रांना जागा नसते. डॉक्टर व्हायचंच नसेल तर तो खर्च आणि ती दोन वर्षं कशासाठी? गणित आवडत असेल तर सायन्स घेऊ दे, गणित ठेवून. नाहीतर कॉमर्स किंवा आर्ट्स. आर्ट्स म्हटल्यावर घरात तोंडं वाकडी होतील. होऊ द्यात. यूसीड नावाची परीक्षा आयआयटी मुंबई घेते, त्यावर मुंबई, दिल्ली, गुवाहाटी, हैदराबाद अशा आयआयटींमध्ये डिझाइनच्या पदवीला प्रवेश होतो, आणि तिथे आर्ट्सच्या मुलालाही तोच पेपर असतो. एनआयडीची प्रवेश परीक्षा वेगळी. दोन्हींचे फॉर्म बारावीच्या वर्षी दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि परीक्षा हिवाळ्यात होते. बोर्डाच्या गडबडीत तारीख हुकवणारी मुलं मी दर वर्षी बघते. यूसीडचे मागचे पेपर आयआयटीच्या साइटवर फुकट मिळतात. क्लास लावण्याआधी ते सोडवून बघू दे. कठीण परीक्षा आहेत, जागा थोड्या आहेत, तेव्हा सगळी भिस्त तिथेच ठेवू नका. राज्याचा सीईटी सेल बीएफएसाठी प्रवेश परीक्षा घेतो. सरकारी कला महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे, नागपूरला आहे. उपयोजित कलेची चार वर्षांची पदवी घेऊन ॲनिमेशनमध्ये आलेली माणसं या धंद्यात भरपूर आहेत, आणि तिथली फी साडेसहा लाखांच्या आसपासही जात नाही. इंटरमिजिएटची ए ग्रेड तर तिच्या दहावीच्या गुणांतही भर घालणार आहे, शाळेने प्रस्ताव पाठवलाय ना, तेवढं विचारून घ्या.

मुंबईत पेडर रोडला जुलै २०२५ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली, खास याच विषयांसाठी. नाव तुमच्या कानावर येईल. तिथली मुलं शिकून बाहेर पडतील, काय काम करतात ते दिसेल, तुमच्या मुलीला अजून दोन वर्षं आहेत.

खासगी इन्स्टिट्यूट सगळ्या वाईट असं मी म्हणत नाही. काहींतून फार चांगली मुलं येतात. पण बघायचं कसं, ते सांगते. दोन वर्षांनी जायची वेळ आली तर मागच्या बॅचच्या पाच मुलांच्या शोरील मागा. शोरील म्हणजे आपल्या कामाचा एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ, नोकरी त्याच्यावर मिळते, सर्टिफिकेटवर नाही. पाचही रील एकामागून एक लावा. तीच खुर्ची, तोच रोबो, तोच रस्ता सगळ्यांत दिसला तर समजा की मास्तरांनी फळ्यावर करून दाखवलेलं पोरांनी उतरवलंय. असले रील स्टुडिओत पहिल्या पंधरा सेकंदांत बंद होतात. मग त्या मुलांपैकी दोघांना स्वतः फोन लावा, इन्स्टिट्यूटने जोडून दिलेला नव्हे. कुठल्या विभागात, किती पगारावर, किती दिवस टिकला हे विचारा. ‘प्लेसमेंट’मध्ये कॉल सेंटरची नोकरीही मोजलेली मी पाहिली आहे. शिकवणारा स्वतः अजून काम करतो का, मधेच सोडलं तर फी परत मिळते का, आणि मिळते तर कागदावर लिहून देता का, हेही विचारा. कागदाची गोष्ट काढल्यावर आवाज बदलतो तो ऐका. आवाजावरून ओळखायची सवय तुम्हाला आहेच.

राहिला लॅपटॉप. आत्ता घेऊ नका. थ्रीडीला लागणारा, सोळा जीबी रॅमचा आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप महाग पडतो, आणि ती बारावी होईपर्यंत तो जुना झालेला असेल. अकरावीत घरी एखादा साधा, वापरलेला लॅपटॉप आला तर त्यावर क्रिटा हे चित्रांचं सॉफ्टवेअर फुकट चालतं, ब्लेंडरही फुकट आहे, शिकण्यापुरतं रडतखडत चालेल. ब्लेंडर फुकट म्हणून हलकं समजू नका. ‘फ्लो’ हा लॅटव्हियाचा सिनेमा त्यात बनला आणि मार्च २०२५ मध्ये त्याला ॲनिमेशनचं ऑस्कर मिळालं.

सध्या मात्र बोटाने काढून काढून तिची रेघ जाड होते, ती अडचण खरी आहे. तीन-चार हजारांत बिनस्क्रीनचा पेन टॅबलेट मिळतो, म्हणजे एक पाटी, तिच्यावर पेनने काढलेलं जोडलेल्या पडद्यावर उमटतं. काही मॉडेल अँड्रॉइड फोनलाही केबलने जोडता येतात. बोर्डाची परीक्षा झाली की तेवढा घ्या. दुकानात जाताना तिला आणि तो जुना फोन बरोबर न्या, दुकानदाराला जोडून दाखवायला सांगा, तिला दोन रेघा ओढू द्या, आणि मगच पैसे काढा.